रक्ताचे घटक आणि मुंबईचा रक्तगट

मराठी भाषेनें रक्ताला जेवढीं कामें सांगितलीं आहेत तेवढीं शरीरानेंहि सांगितलेलीं नाहींत. रक्त आटवून संसार चालवावा लागतो, रक्ताचें पाणी करून मुलांचें शिक्षण पुरें करावें लागतें, अन्याय पाहिला कीं रक्त उसळतें, आणि भाऊबंदकी कितीहि विकोपास गेली तरी रक्ताचें नातें तुटत नाहीं असें म्हणतात. या सर्व बोलण्याच्या मुळाशीं एक समजूत आहे. ती अशी कीं, रक्त हें कुळाचें आणि जातीचें असतें. एका घरांत सर्वांचें एकसारखें आणि परक्या घरांत निराळें. ही समजूत अर्धी खरी व अर्धी खोटी निघाली. माणसामाणसांच्या रक्तांत भेद आहेत हें खरें ठरलें. पण ते भेद माणसांनीं आंखलेल्या रेषांवरून जात नाहींत असेंहि आढळून आलें. या शोधाचा एक मोठा अध्याय मुंबईंत, परळच्या एका रुग्णालयांत लिहिला गेला, आणि त्यामुळें या शहराचें नांव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत कायमचें जाऊन बसलें.

आयुर्वेदानें रक्त हा सात धातूंपैकीं दुसरा धातु मानला. सुश्रुतानें तर वात, पित्त आणि कफ यांच्या जोडीला चौथें स्थान रक्ताला दिलें, आणि बिघडलेलें रक्त जळवा लावून काढून टाकण्याची रीत सविस्तर सांगितली. ती रीत, आणि तिची धाकटी बहीण जी तुंबडी ती, महाराष्ट्राच्या खेड्यांतून विसाव्या शतकांतहि चालू होती. युरोपांतहि न्हावी हाच शस्त्रवैद्य असे आणि शीर तोडून रक्त काढणें हें त्याचें नित्याचें काम असे. वाईट रक्त काढून टाकावें हें अशा रीतीनें सर्वांनाच सुचलें. दुसऱ्याचें चांगलें रक्त आंत घालावें हें मात्र फार उशिरां सुचलें. कारण रक्त शरीरांत फिरत असतें हीच गोष्ट पुष्कळ काळ कोणाला ठाऊक नव्हती. यकृतांत तें तयार होतें आणि अवयवांत जिरून जातें अशी युरोपीय वैद्यांची कल्पना होती. १६२८ सालीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें ती साध्या हिशेबानें मोडून काढली. हृदयाच्या एका ठोक्यासरशीं जेवढें रक्त बाहेर पडतें त्याला ठोक्यांच्या संख्येनें गुणलें, तर अर्ध्या तासाचा गुणाकारच सबंध शरीरांतील रक्ताहून अधिक भरतो. इतकें रक्त दर अर्ध्या तासाला नवें कोठून येणार? तेंच रक्त फिरून फिरून हृदयाकडे येत असलें पाहिजे. शाळेंतील चौथ्या इयत्तेच्या मुलाला करतां येईल असा हा गुणाकार होता, पण तो करण्यास कोणी बसलें नव्हतें.

प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय तेवढें सर्व रक्त साधारण एका मिनिटांत एकदां फिरवितें. हें रक्त गोठूं न देतां कांचेच्या नळींत घालून कांहीं वेळ उभें ठेविलें, तर त्याचे थर आपोआप निराळे होतात. वरचा निम्म्याहून थोडा अधिक भाग गवताच्या काडीसारख्या पिवळसर द्रवाचा असतो. अगदीं खालीं गडद तांबडा थर बसतो. या दोहोंच्या मध्यें एक पांढुरका पापुद्रा दिसतो, आणि तो इतका पातळ असतो कीं, सांगितल्यावांचून तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. रक्ताची सारी रचना या तीन थरांत आहे.

खालचा थर तांबड्या पेशींचा. एका घनमिलिमीटर रक्तांत, म्हणजे टांचणीच्या डोक्याएवढ्या थेंबांत, या पेशी सुमारें पन्नास लाख भरतात. प्रत्येक पेशी दोन्ही बाजूंनीं मधोमध दाबलेल्या चकतीसारखी असते आणि तिच्यांत केंद्रक नसतें. केंद्रक टाकून दिल्यामुळें जी जागा मोकळी होते ती सर्व हिमोग्लोबिन नांवाच्या लोहयुक्त रंजक द्रव्यानें भरलेली असते. या द्रव्याचा प्राणवायूशीं मोठा विलक्षण स्नेह आहे. फुप्फुसांत प्राणवायु विपुल असतो तेथें तें त्याला धरतें, आणि स्नायूंत किंवा मेंदूंत जेथें त्याची टंचाई असते तेथें त्याला सोडून देतें. अंधेरीच्या माणसाला हें समजावून सांगण्यास फार श्रम पडूं नयेत. सकाळची लोकल जशी उपनगरांत भरते आणि चर्चगेटला रिकामी होते तसाच हा व्यवहार आहे. मात्र सायंकाळचा परतीचा उतारू जो कर्बवायु, तो बहुतेक डब्याच्या बाहेरून येतो. त्याचा थोडाच भाग हिमोग्लोबिनला चिकटतो. बाकीचा तांबड्या पेशींच्याच साह्यानें विरघळणाऱ्या क्षाराचें रूप घेऊन पिवळ्या द्रवांतून फुप्फुसाकडे जातो. शालेय पुस्तकांतून हा भेद बहुधा गाळलेला असतो. तांबडी पेशी सुमारें एकशें वीस दिवस जगते. जुन्या पेशी प्लीहेंत व यकृतांत मोडल्या जातात, त्यांतील लोह काढून घेतलें जातें, आणि हाडांतील मज्जा त्याच लोहाचा उपयोग करून नव्या पेशी घडविते. लोहाच्या बाबतींत शरीर एखाद्या काटकसरी गृहिणीसारखें वागतें. तथापि आहारांत तें पुरेसें नसेल, किंवा दर महिन्याला तें बाहेर जात असेल, तर काटकसरहि अपुरी पडते. आपल्या देशांतील स्त्रियांमध्यें पांडुरोग इतका आढळतो त्याचें एक मोठें कारण हें आहे.

मधल्या पापुद्र्यांत पांढऱ्या पेशी आणि बिंबिका असतात. पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरांत चार ते अकरा हजार, म्हणजे तांबड्यांच्या मानानें अगदींच थोड्या. यांपैकीं कांहीं जंतूंना गिळून टाकतात, कांहीं परक्या पदार्थाची ओळख लक्षांत ठेवितात, आणि त्या ओळखीवरून प्रतिपिंड नांवाचीं द्रव्यें तयार होतात. बिंबिका या पेशींचे तुकडेच होत. दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत त्यांची संख्या असते, आणि शीर फाटली कीं त्या भोंकाशीं धांवून एकमेकींस चिकटतात. मुंबईंत पावसाळ्यांत डेंग्यूची सांथ आली म्हणजे ज्या ‘प्लेटलेट’चा आंकडा घरोघरीं विचारला जातो त्या ह्याच.

राहिला पिवळा द्रव. त्यांत शेंकडा नव्वद पाणी असतें. उरलेल्या भागांत क्षार, साखर, अन्नरस, ग्रंथींचे स्राव आणि तऱ्हेतऱ्हेचीं प्रथिनें असतात. अल्ब्युमिन हें प्रथिन पाण्याला शिरांत धरून ठेवितें. तें कमी झालें कीं पायांवर सूज येते. फायब्रिनोजेन हें दुसरें प्रथिन जखमेपाशीं धाग्यांचें जाळें बनतें व त्यांत पेशी अडकून गुठळी होते. या गुठळीच्या क्रियेंत चुन्याचा अंश लागतो. रक्तांत सोडियम सायट्रेट घातलें तर तें हा चुना बांधून टाकतें आणि रक्त गोठत नाहीं. १९१४ सालीं ही युक्ति रक्तदानाच्या कामीं लागली, आणि तोंवर देणाऱ्याची शीर व घेणाऱ्याची शीर शेजारीं शेजारीं ठेवावी लागत असे ती अडचण संपली. या पिवळ्या द्रवांतच वर सांगितलेले प्रतिपिंडहि असतात, आणि पुढील सर्व कथा त्यांच्याभोंवतीं फिरते.

हार्वेच्या शोधानंतर रक्त एका शरीरांतून दुसऱ्यांत घालण्याचे प्रयोग होणें साहजिक होतें. १६६७ सालीं पॅरिसमध्यें झां-बातिस्त देनी या वैद्यानें कोंकराचें रक्त माणसाच्या अंगांत घातलें. एक रुग्ण दगावला, खटला झाला, आणि थोड्याच वर्षांत असे प्रयोग बंद पाडण्यांत आले. दीडशें वर्षें या वाटेला कोणी गेलें नाहीं. १८१८ सालीं लंडनच्या जेम्स ब्लंडेलनें माणसाचेंच रक्त माणसाला देण्यास आरंभ केला. प्रसूतीच्या वेळीं रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया त्याला पाहवेनात. त्याच्या कांहीं रुग्ण स्त्रिया वांचल्या, कांहीं मेल्या. आणि एक कां वांचली व दुसरी कां मेली हें त्याला सांगतां येईना.

त्याचें कारण व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनरनें १९०१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें स्वतःचें व आपल्या सहकाऱ्यांचें रक्त घेतलें, प्रत्येकाच्या पेशी आणि प्रत्येकाचा द्रव निराळा केला, आणि त्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. कांहीं जोड्यांत पेशी सुखानें तरंगत राहिल्या. कांहींत त्यांच्या गुठळ्या होऊन तळाशीं बसल्या. तांबड्या पेशींच्या अंगावर ‘ए’ व ‘बी’ अशा दोन खुणा असूं शकतात. ज्याच्या पेशींवर जी खूण नसेल तिच्या विरुद्ध प्रतिपिंड त्याच्या द्रवांत जन्मानंतर थोड्याच महिन्यांत तयार होतात. दोन्ही खुणा नसणारा तो ‘ओ’. दोन्ही असणारा तो ‘एबी’, आणि हा चौथा गट १९०२ सालीं त्याच्या शिष्यवर्गांतील मंडळींनीं दाखविला. या शोधाबद्दल लँडस्टायनरला नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं. १९४० सालीं त्यानें व अलेक्झांडर वीनर यानें ‘आर्‌एच’ नांवाची निराळी खूण शोधून काढली. रक्तगटापुढें जें ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहितात तें तिच्यावरून.

रक्तगटांचा माणसांच्या वंशांशीं व जातींशीं काय संबंध, हा प्रश्न लगेच निघाला. पहिल्या महायुद्धांत सॅलोनिका येथें अनेक देशांच्या पलटणी एकत्र आल्या होत्या. लुडविक व हांका हिर्स्फेल्ड या पोलिश पतिपत्नींनीं तेथील शिपायांचें रक्त तपासून १९१९ सालीं आपला निष्कर्ष छापला : युरोपीयांत ए अधिक, हिंदी शिपायांत बी अधिक. परंतु कोणत्याहि एका राष्ट्रांत एकच गट आहे असें कोठेंहि दिसलें नाहीं. मुंबईंत १९५० सालीं एल. डी. संघवी व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. प्रमाणांत फरक होते. गट मात्र तेच. ज्याला शेजारच्या पंक्तीला जेवतां येत नव्हतें त्याचेंच रक्त आपल्याला चालतें, आणि सख्ख्या भावाचें कदाचित् चालत नाहीं, हें त्या नळ्यांनीं सिद्ध केलें. सुधारकांनीं शंभर वर्षें व्याख्यानें देऊन जें पटविण्याचा यत्न केला तें कांचेच्या नळीला एका मिनिटांत दाखवितां आलें; पाहणाऱ्यांनीं त्यापासून किती घेतलें हा प्रश्न निराळा.

अशा वेळीं, चार गटांचें कोडें सुटलें असें सर्वांना वाटत असतां, परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील प्रयोगशाळेंत एक नवें कोडें उभें राहिलें. हें रुग्णालय व त्याला जोडलेलें शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांची स्थापना १९२५-२६ च्या सुमाराची. दात्यांनीं देणगी देतांना अट घातली होती कीं, अध्यापकांच्या जागा हिंदी माणसांनाच मिळाल्या पाहिजेत. कारण सरकारी महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांकडे जात. अट कित्येकांना त्या वेळीं हट्टाची वाटली असेल. पंचवीस वर्षांनंतर तिचें फळ दिसलें.

डॉ. वाय. एम्. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच्. एम्. भाटिया यांच्यापुढें दोन जखमी माणसांचें रक्त आलें. नेहमीच्या तपासणींत तें ओ गटाचें दिसलें, कारण पेशींवर ए नव्हतें आणि बीहि नव्हतें. म्हणून ओ गटाचें रक्त त्यांच्याशीं जुळवून पाहिलें, तर तेंहि गुठळ्या करूं लागलें. शंभराहून अधिक रक्तदात्यांचें रक्त या द्रवाशीं ताडून पाहिलें; ए, बी, एबी, ओ, सर्वांच्या पेशी बिघडल्या. अखेर मुंबईंतच राहणारा एक तिसरा मनुष्य असा सांपडला कीं, त्याचें रक्त या दोघांशीं जुळलें. त्या तिघांचें आपसांत जमे आणि बाकी साऱ्या शहराशीं जमत नसे. ‘ही तपासणाऱ्याची चूक’ असें म्हणून नळ्या धुऊन टाकणें सोपें होतें. दवाखान्यांत घाईच्या वेळीं तसें झालें असतें तरी कोणी दोष दिला नसता. या मंडळींनीं तसें केलें नाहीं, हाच शोधाचा खरा आरंभ होय. त्यांनीं लंडनच्या लिस्टर संस्थेंतील डॉ. रूथ सँगर, डॉ. रेस, प्रो. मॉर्गन व डॉ. विनिफ्रेड वॉटकिन्स यांचें साह्य घेतलें, आणि मे १९५२ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत सातहि जणांच्या नांवानें दोन पानांचा निबंध छापून आला. पुष्कळ ठिकाणीं या शोधाचें श्रेय केवळ भेंडे यांना दिलेलें आढळतें. प्रमुख ते होते हें खरें. परंतु सहीला सात जण होते हेंहि विसरतां कामा नये.

उलगडा असा. ए आणि बी या खुणा पेशीवर थेट उमटत नाहींत. त्यांच्याखालीं ‘एच’ नांवाची एक मूळ खूण असते. साखरेच्या कणांची एक सांखळी पेशीच्या पृष्ठावर असते. तिच्या टोंकाशीं फ्यूकोज नांवाची साखर जोडली म्हणजे एच तयार होतें. त्यावर एका जातीची साखर चढली तर ए, दुसऱ्या जातीची चढली तर बी, आणि कांहींच चढलें नाहीं तर तें रक्त ओ. म्हणजे ओ गटाचा मनुष्य बिनखुणेचा नसतो. उलट त्याच्या पेशींवर एच सर्वांत अधिक, अगदीं उघडें असतें. घराचा पाया सर्वांचा एकच, वरचे मजले निराळे. परळला सांपडलेल्या तीन माणसांच्या पेशींवर हा पायाच नव्हता. त्यामुळें वरचा मजला चढण्याची सोय नव्हती, आणि एच ही खूण त्यांच्या शरीराला परकी असल्यानें तिच्या विरुद्ध प्रतिपिंड त्यांच्या द्रवांत भरलेले होते. जगांतील जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्ताशीं त्यांचें वैर होतें तें यामुळें.

यांतून जो निष्कर्ष निघतो तो फार गंभीर आहे. ओ निगेटिव्ह गटाचा मनुष्य ‘सर्वदाता’, असें शाळांतून शिकवितात, आणि अपघाताच्या वेळीं गट तपासण्यास अवधि नसला तर तेंच रक्त चढवितात. इतर सर्वांना तें चालतें. मुंबई गटाच्या माणसाला मात्र ओ हेंच सर्वांत घातक. कारण एच ज्यावर सर्वांत अधिक तेंच रक्त त्याला दिलें जातें. शरीराच्या उष्णतेला हे प्रतिपिंड पूर्ण जोमानें काम करतात, चढविलेल्या पेशी शिरांतच फुटतात, सुटलेलें हिमोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकतें, आणि रक्त चढवून वांचविण्यास आणलेला मनुष्य त्या रक्तानेंच मरूं शकतो. याहून वाईट हें कीं, अशा माणसाच्या खिशांतील कार्डावर स्वच्छ अक्षरांत ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलें असूं शकतें, आणि त्यानें आजन्म तें विश्वासानें बाळगलेलें असतें. तांबड्या पेशी ए व बी यांच्या द्रवाशीं ताडून पाहिल्या कीं उत्तर ओ येतें. तपासणी तेथेंच थांबली तर भेद कळण्याचा मार्गच राहत नाहीं. रुग्णाचा द्रव ओ गटाच्या पेशींशीं उलट ताडून पाहावा, तेव्हां ओ गटाच्या खऱ्या माणसाचा द्रव स्वस्थ राहतो आणि मुंबई गटाचा गुठळ्या करतो. शंका आली तर गॉर्स नांवाच्या एका युरोपीय कांटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात; तो एच खुणेच्या पेशींना एकत्र बांधतो आणि मुंबई गटाच्या पेशींना स्पर्शहि करीत नाहीं. काम पांच मिनिटांचें आहे. तें कोणी गाळलें तर त्याची किंमत कोणाला द्यावी लागते हें वर आलेंच आहे.

अंधेरीच्या फलाटांवरून सकाळच्या प्रहरीं जाणारे दहा हजार उतारू घेतले, तर ओ आणि बी या गटांचे लोक त्यांत साधारण एकेक तृतीयांश निघतील, ए गटाचे पावभर, एबीचे शेंकडा दहाच्या आंत. आणि मुंबई गटाचा बहुधा एकच. भारतांत या गटाचें प्रमाण सुमारें दहा हजारांत एक असें धरतात. युरोपांत तें दहा लाखांत एक इतकें विरळ आहे. (अंधेरी मुंबईच्या महापालिकेच्या हद्दींत आली तीहि १९५० सालीं, म्हणजे लॅन्सेटमधील त्या निबंधाच्या दोनच वर्षें आधीं, तेव्हां ‘मुंबईचा’ या विशेषणावर उपनगरांनाहि आपला हक्क सांगतां येईल.) इंग्रजींत या गटाचें नांव अद्याप ‘बॉम्बे’ असेंच लिहितात. शहरानें १९९५ सालीं तें नांव टाकलें, रक्तानें टाकलें नाहीं.

हा गट घराण्यांतून कसा उतरतो हें पाहण्यासारखें आहे. एच तयार करणारें जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतें आणि ए-बी यांचें नवव्यावर. दोघांचा एकमेकांशीं संबंध नाहीं. एचचें बिघडलेलें जनुक आई व बाप या दोघांकडून आलें तरच मूल मुंबई गटाचें होतें. एकाच बाजूनें आलें तर कांहींहि दिसत नाहीं, आणि तें पिढ्यान् पिढ्या निमूटपणें वाहत जातें. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीं चारांत एक अशी शक्यता असते. जवळच्या नात्यांतील विवाहांत असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानण्याची चाल महाराष्ट्रांत कित्येक समाजांत होती आणि अजून कांहीं ठिकाणीं आहे. तिच्याकडे या दृष्टीनें पाहणारे थोडेच.

याच आनुवंशिकतेंतून एक सामाजिक अनर्थहि होऊं शकतो. मुंबई गटाच्या स्त्रीच्या अंगीं बीचें जनुक असूं शकतें. एच नसल्यानें तें तिच्या पेशींवर दिसत नाहीं इतकेंच. नवरा ए गटाचा, बायको कागदावर ओ गटाची, आणि मूल एबी! शालेय पुस्तकांतील कोष्टकाप्रमाणें हें अशक्य. रुग्णालयांत मुलें बदललीं असावींत, किंवा त्याहून वाईट कांहीं, असा संशय घेण्यास मनुष्यस्वभावाला एवढें पुष्कळ होतें, आणि संशयाचें ओझें बहुतेक स्त्रीच्याच माथीं येतें. १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आईचें रक्त ओसारखें दिसत होतें आणि बी हें लक्षण तिच्यांतून पुढच्या पिढींत उतरलें होतें. बी लोपलेलें नव्हतें. तें झांकलेलें होतें. तेव्हां केवळ गटाच्या कोष्टकावरून एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करणारा मनुष्य, मग तो सासरा असो कीं वकील, अपुऱ्या माहितीवर बोलत असतो.

१९५७ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मुंबईंत रक्तगट संदर्भ केंद्र उघडलें. डॉ. भाटिया पुढें त्याचे प्रमुख झाले. त्याच केंद्राची पुढें राष्ट्रीय संस्था झाली आणि ती के. ई. एम्. च्या आवारांतच नांदूं लागली, हा योग मोठा समर्पक होय. एच जनुकाची प्रत्यक्ष रचना १९९० सालीं उकलली गेली, आणि १९९७ सालीं हिंदी कुटुंबांतील मुंबई गटाच्या मुळाशीं त्या जनुकांतील एका अक्षराचा बदल आहे असें दाखविण्यांत आलें. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नळींत जें पाहिलें होतें त्याचें कारण कळण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं.

मुंबई गटाच्या माणसाला दुसऱ्या मुंबई गटाच्या माणसाचेंच रक्त लागतें. त्याच्या धुतलेल्या तांबड्या पेशी इतर गटांच्या रुग्णांना देतां येतात. त्याला मात्र त्यांच्यापैकीं कोणाच्याहि घेतां येत नाहींत. असा एकतर्फी व्यवहार निसर्गांत फार थोडा आढळतो. साध्या शीतपेटींत तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, आणि रोग कांहीं तिथि ठरवून येत नाहीं. म्हणून या गटाचे दाते पिशव्या भरून ठेवीत नाहींत. ते आपलीं नांवें व पत्ते नोंदवून ठेवितात, आणि बोलावणें आलें कीं जातात. पुरुषानें दोन रक्तदानांत नव्वद दिवसांचें आणि स्त्रीनें एकशें वीस दिवसांचें अंतर ठेवावें असा नियम आहे. त्यामुळें ज्यानें गेल्या महिन्यांत रक्त दिलें त्याला वगळून उरलेल्यांत शोध करावा लागतो. शस्त्रक्रिया आधीं ठरलेली असेल तर रुग्णाचेंच रक्त काढून त्याच्यासाठीं राखून ठेवितात. ग्लिसरीन मिसळून शून्याखालीं ऐंशी अंशांच्या थंडींत पेशी वर्षानुवर्षें टिकवितां येतात, पण ही सोय मोठ्या संस्थांतच असते.

एखाद्याचा गट मुंबईचा निघाला कीं डॉक्टर प्रथम त्याच्या भावाबहिणींना बोलावून घेतात. चारांत एक या हिशेबानें घरांतच दुसरा दाता सांपडण्याचा संभव बाहेरच्या दहा हजारांतल्या एकापेक्षां कितीतरी अधिक असतो. बहिणीचें रक्त भावाशीं जुळलें तर दोघांच्याहि कार्डावर पूर्वीचें ‘ओ’ खोडून तेथें दुसरा गट लिहावा लागतो, आणि कार्ड नवें करून घेणें बरें. खाडाखोड केलेलें कार्ड रात्रपाळीच्या माणसाला नीट वाचतां येत नाहीं.